तुम्ही विचारलंत म्हणून: जरतरशास्त्र खरं आहे का?

दिवाळी अंकात माझी कथा आली की ठाण्यातली ओळखीची माणसं एक प्रश्न हमखास विचारतात. कुणी राम मारुती रोडवर दोन्ही हातांत पिशव्या असताना थांबवून विचारतं, कुणी रात्री उशिरा फोन करून. ‘ते तुमचं जरतरशास्त्र खरंच आहे का हो?’

ज्यांनी कथा वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. माझ्या कथांमध्ये घोडबंदर रोडला मेंदूची एक प्रयोगशाळा आहे. तिथल्या खुर्चीत माणसाला बसवतात आणि आयुष्यात जो निर्णय त्याने घेतलाच नाही, त्या निर्णयापुढचं आयुष्य त्याच्याच मेंदूतून उलगडून दाखवतात. ही खुर्ची मी रचलेली आहे, ते शास्त्रही मीच रचलेलं आहे. पण ज्या पायावर ते उभं आहे तो खरा आहे, आणि मला तो खुर्चीपेक्षा जास्त थक्क करतो.

सुरुवात उंदरांपासून करावी लागेल. १९३०च्या दशकात अमेरिकेत एडवर्ड टोलमन उंदरांना चक्रव्यूहात सोडून अभ्यास करत होते. दोन वाटा फुटतात तिथे उंदीर थबकायचा, डावीकडे बघायचा, उजवीकडे बघायचा, मग निघायचा. टोलमन यांचं म्हणणं होतं की तो मनातल्या मनात दोन्ही वाटा चाचपून बघतोय. हे सिद्ध कसं करणार? उंदराच्या मनात शिरायची सोय तेव्हा नव्हती.

ती पुढे झाली. १९७१ साली जॉन ओकीफ यांनी हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या भागात अशा पेशी दाखवल्या, ज्या उंदीर एका ठरावीक जागी असला की जाग्या होतात. या कामासाठी त्यांना २०१४ साली नोबेल मिळालं, मोझर दांपत्याबरोबर. आणि २००७ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात दिसलं की उंदीर फाट्यावर थबकलेला असताना पुढच्या वाटेवरच्या जागांच्या पेशी क्रमाने उजळतात, आधी एका वाटेच्या, मग दुसऱ्या वाटेच्या. पाय जागेवर, आणि मेंदू पुढे जाऊन येतोय! २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी याचा वेगही दाखवला. पळत्या उंदराच्या मेंदूत या दोन शक्यता सेकंदाला साधारण आठ ठेक्यांच्या लयीत आलटून पालटून येऊ शकतात.

ठाण्याहून ट्रान्स हार्बरच्या गाडीने जाणाऱ्यांना हे लगेच कळेल. तुर्भ्यानंतर रूळ फुटतात, एक वाट सानपाड्यावरून वाशीला, दुसरी जुईनगरवरून नेरूळ-पनवेलकडे. आपली गाडी एकीकडेच जाते. मेंदू मात्र तुर्भ्याला पोचायच्या आधीच दोन्हीकडे फिरून आलेला असतो.

मग माणसाचं काय? २००७ मध्येच लंडनमध्ये डेमिस हसाबिस, एलनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिप्पोकॅम्पसला इजा होऊन स्मृती बिघडलेल्या पाच जणांना नवीन प्रसंग कल्पून वर्णन करायला सांगितले. उदाहरणार्थ, तुम्ही एका सुंदर समुद्रकिनाऱ्यावर पडला आहात, काय दिसतंय? पाचपैकी चौघांना ते जमेना. वाळू, आकाश असे सुटे तुकडे येत, पण त्यांची एक जागा तयार होत नव्हती. म्हणजे ज्याच्या जोरावर आपण काल आठवतो, त्याच्याच जोरावर न घडलेलंही उभं करतो.

आमची नौपाड्यातली इमारत पुनर्विकासाला जाते आहे. आर्किटेक्टने दिलेला नकाशा आई रोज दुपारी पलंगावर पसरून बसते. ‘देव्हारा इथे. खिडकी पूर्वेला, म्हणजे सकाळचं ऊन ओट्यावर येणार, कोथिंबिरीची कुंडी तिथे ठेवता येईल.’ त्या घराची एक वीटही अजून रचलेली नाही. ती मात्र तिथे स्वयंपाक करून येते, आणि बघा, कुंडी जुन्याच घरातली आहे. मी तिच्याकडे बघत बसते, कारण माझ्या कथांमधला सगळा मालमसाला त्या पलंगावर आहे.

आता माझी थाप कुठे सुरू होते ते सांगते. जरतरशास्त्रातली खुर्ची ‘खरोखर काय झालं असतं’ ते दाखवते. मेंदू हे कधीच दाखवू शकणार नाही. त्याच्याकडे जे आहे त्यातूनच तो रचतो.

एका कार्यक्रमानंतर एक काका थांबले होते. तरुणपणी पुण्याला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला होता. वडील आजारी पडले, म्हणून ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. ‘ती खुर्ची असती तर मला पुणं दिसलं असतं ना?’ त्यांना मी जे सांगितलं तेच इथे लिहिते. काका, दिसलं असतं, पण तुम्ही मनात जपलेलं पुणं. तिथली भांडणं, नापास झालेलं वर्ष, एकटेपणा तुमच्याजवळ नाहीच, तर ते येणार कुठून? ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘वडील मात्र पुढे नऊ वर्षं जगले.’

हळहळही रचलेली नाही बरं का. कपाळामागच्या, डोळ्यांच्या वरच्या भागाला इजा झालेल्या माणसांना हुकलेल्या पर्यायाबद्दल चुटपुट लागत नाही, असं २००४ च्या एका अभ्यासात दिसलं. त्यातल्या जुगारासारख्या खेळात चुकीचा डाव निवडल्याचं कळूनही ती माणसं पुढच्या डावात त्यातून काही शिकत नव्हती. म्हणून माझ्या कथांमध्ये हळहळ काढून टाकणारं यंत्र मी कधीच आणलं नाही. वाचकांनी ते मागितलंय, संपादकांनीही सुचवलंय. मी नाही लिहिणार.

आणि हो, दुसरा प्रश्नही नेहमीचाच: ‘तुम्ही स्वतः बसाल का त्या खुर्चीत?’ बसेन. पण मागच्या फाट्यासाठी नाही. आईला नव्या घरी सातव्या मजल्यावर करमेल का, तेवढं बघायला.