रांगेची नोंदवही, भाग ३: मोडेमच्या पोटातली २५६ पॅकेटं

मागच्या भागात पायथनमधला सिम्युलेटर चालू झाला होता: पॅकेटं एकेक करून पाठवणारी एक खिडकी, एक रांग, आणि कधीही येऊन उभी राहणारी पॅकेटं, म्हणजे इंटरनेटवरून जाणारे डेटाचे छोटे तुकडे. गेल्या तीन आठवड्यांत सिम्युलेटरचे आकडे सूत्राशी जुळले, घरच्या लिंकचे मात्र अजिबात जुळले नाहीत. त्या न जुळण्यातूनच मला जास्त शिकायला मिळालं.

आधी सिम्युलेटर. माझा अपलोड ४ एमबीपीएस. १५०० बाइटांचं पॅकेट म्हणजे १२,००० बिट, ते तारेवर चढायला ३ मिलिसेकंद लागतात. एम/एम/१ रांगेत (खिडकी एकच, पॅकेटांचं येणं आणि खिडकीवरचा वेळ दोन्ही बेभरवशाचे) पॅकेटचा एकूण सरासरी वेळ काढायला या ३ ला (१ वजा भार) ने भागायचं. भार म्हणजे लिंकच्या क्षमतेचा वापरात असलेला हिस्सा. भार ५० टक्के असेल तर ६ मिलिसेकंद, ८० ला १५, ९० ला ३०, ९५ ला ६०. नव्वदवरून पंच्याण्णववर गेलं की वेळ थेट दुप्पट! सूत्र पाठ होतं, पण आलेख स्वतः काढल्यावर ते अंगावर आलं.

९५ टक्क्यांवर मी पुरता अडकलो होतो. दहा हजार पॅकेटं सोडली की एकदा ४१ यायचे, एकदा ८३. दोन संध्याकाळी कोडमधली चूक शोधली, चूक नव्हतीच. भार जास्त असला की एकदा साचलेली रांग ओसरायला फार वेळ घेते, त्यामुळे छोट्या नमुन्याची सरासरी भरवशाची नसते. दहा लाख पॅकेटं सोडल्यावर आकडा ५७ ते ६४ मध्ये स्थिरावला. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी हे आधीच लक्षात ठेवा.

सगळी पॅकेटं एकाच मापाची केली, म्हणजे एम/डी/१, की ताटकळणं निम्म्यावर येतं. ९० टक्क्यांना २७ (एकूण ३० वजा खिडकीवरचे ३) ऐवजी १३.५ मिलिसेकंद. येणं तितकंच बेभरवशाचं आहे, फक्त खिडकीवरचा वेळ ठरलेला आहे, तरी एवढा फरक!

आता घर. ताईचा व्हिडिओ कॉल चालू असताना फोनचे फोटो बॅकअपला लागले की तिचा आवाज तुटायचा. रिकाम्या लिंकवर पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, १४ मिलिसेकंद. फोटो चढायला लागले की तो वाढत वाढत ७८० च्या आसपास जायचा, मग खाली यायचा, पुन्हा चढायचा. अंतराचा यात काही संबंध नाही. फायबरमध्ये हजार किलोमीटरला साधारण ५ मिलिसेकंद लागतात. म्हणजे जवळपास ७६६ मिलिसेकंद पॅकेट कुठेतरी नुसतं उभं होतं.

इथे लिटलचा नियम कामी आला. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली: रांगेतली सरासरी संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले सरासरी वेळ. तोच हिशेब मी भरलेल्या रांगेला लावला. दर ३ मिलिसेकंदांना एक पॅकेट बाहेर पडतं, तर ७६६ मिलिसेकंदांत पडतील सुमारे २५५. हा आकडा २५६ च्या इतका जवळ आहे की मोडेममधला बफर (पॅकेटं थांबवून ठेवायची जागा) तेवढ्याच पॅकेटांचा असणार, अशी माझी खात्री पटली. मोडेम न उघडता, फक्त घड्याळ लावून आतली रांग मोजता आली, याचा आनंद अजून ओसरलेला नाही.

मग एम/एम/१ का जुळलं नाही? त्या सूत्रात येणारी पॅकेटं रांगेकडे बघत नाहीत. डॅनिश गणितज्ञ एर्लांग यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कॉलांचा हिशेब मांडला, तिथे हे गृहीतक शोभतं. फोन करणारे एकमेकांना विचारून फोन करत नाहीत. इंटरनेटवर डेटा पाठवण्याचा वेग ठरवणाऱ्या टीसीपी या नियमावलीचं तसं नाही. त्याची नेहमीची पद्धत म्हणजे पॅकेट गळेपर्यंत वेग वाढवत राहायचं. बफर मोठा असला की गळती उशिरा होते, आणि तोवर सगळी रांग भरलेली असते. यालाच बफरब्लोट म्हणतात.

उपाय म्हणून राऊटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली टाकून एफक्यू-कोडेल ही रांग आवरणारी पद्धत लावली. निकोल्स आणि जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलेलं कोडेल रांगेची लांबी मोजत नाही, पॅकेट किती वेळ उभं होतं ते बघतं. १०० मिलिसेकंदांच्या अवधीत थांबणं एकदाही ५ च्या खाली आलं नाही, की ते पॅकेटं टाकायला लागतं. एफक्यूमुळे प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग मिळते, म्हणून ताईच्या आवाजाची पॅकेटं फोटोंच्या मागे उभी राहत नाहीत.

पहिल्या दिवशी काहीच फरक पडला नाही, कारण रांग अजून मोडेममध्येच होती, कोडेलचा हात पोचत नव्हता तिथे. अपलोडची मर्यादा ३.६ एमबीपीएसवर आणली तेव्हा रांग राऊटरमध्ये आली. दहा टक्के वेग सोडला आणि फोटो चढत असतानाचा पिंग १९ ते २४ वर आला. हा सौदा मी डोळे मिटून पुन्हा करेन.

एक गोष्ट सुटायची आहे. केबलवर हे आकडे पक्के मिळतात, पण मागच्या खोलीत वायफायवर पिंग अजून ६०-७० पर्यंत उडतो. तिथे वेग क्षणाक्षणाला बदलतो, त्यामुळे भागायला ३ सारखा ठरलेला आकडाच नाही. वायफायवरची रांग कोणी मोजली असेल, तर दर कसा धरला ते सांगा. पुढचा महिना त्यावरच घालवणार आहे.