चौथ्या पडद्यावरचा षड्ज

गुरुवार, रात्रीचे साडेदहा

आज भजनी मंडळात पहिल्यांदा बेस गिटार घेऊन गेलो. गेली सोळा वर्षं इंदूरच्या रामबागेतल्या या मंडळात मी पेटीवर बसतो. आज पेटी एका तरुण मुलाकडे दिली आणि पखवाजाच्या मागे भिंतीला टेकून बसलो. बुवांनी एकच विचारलं, "याचा आवाज गाण्याच्या वर नाही ना येणार?" मी म्हटलं, "नाही बुवा, खालीच राहील." त्यांनी मान हलवली आणि तंबोरा जुळवायला घेतला.

बुवा काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून, गातात. बेसवर ए तारेच्या चौथ्या पडद्यावर त्यांचा षड्ज येतो. शेजारच्या जाड ई तारेवर, त्याच चौथ्या पडद्यावर, खालचा पंचम. पलीकडे डी तारेवर, पुन्हा चौथाच पडदा, मध्यम. तिन्ही सूर एका रेषेत, कारण इथे प्रत्येक तार आधीच्या तारेचा मध्यम असते. विशीत मी हे वाद्य वाजवत होतो तेव्हा हे दिसलंच नव्हतं. इथे बोट, मग तिथे बोट, एवढंच पाठ होतं. मधल्या वर्षांत पेटीने आणि सतारीने सूर नावाने ओळखायला शिकवलं, आणि आता त्याच चार तारांकडे बघताना घरातल्या माणसांकडे बघावं तसं वाटतं.

१९८२ ते १९८५ मी इंदूरच्या एका ऑर्केस्ट्रात होतो. गणपतीचे दहा दिवस रोज कार्यक्रम, कधी एका रात्रीत दोन, आणि अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या बघत पहाटेपर्यंत रस्त्यावर. गिटार वाजवणारे दोघे माझ्याहून चांगले होते, म्हणून माझ्या गळ्यात बेस आली. ती ऑर्केस्ट्राच्या मालकांची होती. बँकेत नोकरी लागली, खरगोनला बदली झाली, तेव्हा ती परत केली आणि तिचं विशेष काही वाटलं नाही. आज ते आठवून वाईट वाटतं. खरगोनला तबला सुरू केला, सात वर्षं शिकलो. मग थोडी सतार. मग पेटी, ती अजून आहे. बेस मात्र चाळीस वर्षं हातात धरली नाही.

या मार्चमध्ये विकत घेतली. आयुष्यातली पहिली, स्वतःची. नेहमीच्या बेसची तार ३४ इंच असते, मी ३० इंचांची घेतली. माझ्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखतं, आणि लांब बेसवर पहिल्या चार पडद्यांपर्यंतचं अंतर जवळजवळ १८ सेंटिमीटर भरतं. आखूडवर ते १६च्या आत येतं. दोन सेंटिमीटरचा फरक, पण त्रेसष्टाव्या वर्षी त्या दोन सेंटिमीटरांमुळेच मी अर्ध्या तासाऐवजी तासभर बसू शकतो. तारा गुळगुळीत घेतल्या, फ्लॅटवाउंड. बोट सरकताना करकर होत नाही.

पण मला आज लिहायचंय ते सूर थांबवण्याबद्दल.

पेटीवर बोट उचललं की सूर संपतो, त्याचा विचार करावा लागत नाही. सतारीची तार छेडली की सूर आपोआप विरत जातो, आपण त्याच्या मागे मींड घेत जातो. बेसची जाड तार छेडली की ती घुमत राहते, कितीतरी वेळ, आणि ती गप्प करणं आपलं काम असतं. डावं बोट पडद्यावरून न उचलता नुसतं सैल सोडायचं, किंवा उजव्या तळव्याची कड हलकेच टेकवायची. तरुणपणी मला फक्त छेडायचं कधी ते माहीत होतं. ऑर्केस्ट्रात आमचा तळाचा आवाज नेहमी गढूळ असायचा, आणि आम्ही सगळे स्पीकरला दोष द्यायचो. चूक बहुधा माझ्या हाताची होती.

हे मला डग्ग्याने, तबल्याच्या डाव्या हाताच्या वाद्याने, शिकवलं. खरगोनचे गुरुजी तीनताल लावायचे आणि म्हणायचे, डोळे मिटून काल, म्हणजे तालातली खाली, कुठे आहे ते सांग. उत्तर डग्ग्यात असायचं. दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत 'तिं तिं ता, ता', म्हणजे डग्गा घुमायचा थांबतो, आणि चौदाव्याला 'धिं' बरोबर परत येतो. तळ निघून जातो म्हणून वर्तुळाची दुसरी बाजू कळते. थोर पखवाजवादक नाना पानशांच्या या शहरात पखवाजाच्या धुम्याला, म्हणजे डाव्या तोंडाला, ओली कणीक लावताना लहानपणापासून पाहत आलो, पण तो भरदार आवाज कुठे नसावा हेही वाजवणाऱ्याने ठरवलेलं असतं, ते फार उशिरा लक्षात आलं.

अमेरिकेतल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांमागे जेम्स जेमर्सन नावाचा बेसवादक होता. तो उजव्या हाताच्या एकाच बोटाने, तर्जनीने वाजवायचा, आणि घोडीजवळच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीजवळच्या, झाकणाखाली स्पंज असायचा, त्यामुळे सूर आखूड होत. मीही घोडीपाशी तारांखाली सुती कापडाची घडी सरकवून पाहिली. पहिल्या दिवशी इतकं स्वच्छ वाजलं की मीच दचकलो. मग काढून टाकली. ते काम मला बोटांनी यायला हवं.

सकाळी रियाजाआधी गायक अमीर खाँसाहेबांचा विलंबित झुमरा तालातला ख्याल लावतो. ते इंदूरचेच. चौदा मात्रा, आणि दोन मात्रांमधे एवढी जागा की लहानपणी वडिलांच्या रेडिओवर ते लागले की मी अंगणात पळायचो. आता त्या जागेसाठीच ऐकतो. मंद्रात आवाज ठेवून ते गप्प होतात, आणि गप्प असतानाही लय चालू असते.

तर आजचा अभंग. आठ मात्रांचा भजनी ठेका. पहिल्या कडव्यात मी षड्ज धरून ठेवला आणि पाचव्या मात्रेला पखवाज हलका झाला तरी माझा सूर तसाच घुमत राहिला. पखवाजवाल्या काकांनी मान वळवून पाहिलं. रागाने नव्हे, बहुतेक त्यांना तिथे काहीतरी जड लागलं. दुसऱ्या कडव्यात मी चौथी मात्रा संपताना बोट सैल केलं. टाळ ऐकू आले. बुवांचा श्वास ऐकू आला. सातव्या मात्रेला पंचमावरून परत षड्जावर आलो तेव्हा काकांची थाप आणि माझी तार एकत्र पडली, आणि छातीत काहीतरी भरून आलं. पेटीवर सोळा वर्षांत असं झालं नव्हतं. पेटीने मला गायकासोबत चालवलं; आज मी त्यांच्या पायाखाली होतो.

घरी आल्यावर कुणीतरी मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग आलेलं दिसलं. हिने ऐकलं आणि म्हणाली, "अहो, यात तुम्ही कुठे आहात?" मोबाइलच्या स्पीकरमधून खरंच मी नव्हतो. बेसची सर्वांत खालची तार सेकंदाला ४१ वेळा कंप पावते, माझा आजचा षड्ज सुमारे ६९ वेळा. एवढासा स्पीकर तेवढी हवा ढकलू शकत नाही. मग हेडफोन शोधले, एक कान तिला, एक मला. दुसरं कडवं आलं. ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि पाचव्या मात्रेपाशी तिने माझ्या मनगटावर बोट टेकवलं. "इथे थांबलात," म्हणाली.