टेक्सासमधल्या शाळांचा पैसा आणि व्हाउचरची भांडणं

डॅलसजवळच्या फ्रिस्को किंवा प्लानोत घर घेतलेल्या मराठी माणसाच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात सगळ्यात जड ओळ आयएसडीची, म्हणजे स्थानिक शाळा-मंडळाची असते. टेक्सासात राज्याचा इन्कम टॅक्स नाही, म्हणून शाळांचा मोठा भार घरपट्टीवरच. त्या एका ओळीत दोन दर असतात. ‘एम अँड ओ’ पगार, वीज, बस यांसाठी. ‘आय अँड एस’ फक्त बांधकामाच्या कर्जरोख्यांसाठी. दुसऱ्यातला पैसा पगाराला वापरता येत नाही. नवं स्टेडियम उभं राहतं आणि त्याच वर्षी शिक्षकांची पगारवाढ अडते, ती यामुळे. लोक घोटाळ्याचा वास घेतात, पण कायदाच तसा आहे.

राज्याचा हिशोब ‘बेसिक अलॉटमेंट’वर, म्हणजे एका मुलामागच्या वार्षिक मूळ रकमेवर चालतो. 2019 पासून 6,160 डॉलरवर अडकलेला हा आकडा 2025 मध्ये फक्त 55 डॉलरने वाढला. पगारवाढीसाठी वेगळी रक्कम दिली, पण ती पगारालाच. मुख्य म्हणजे पैसा पटावर नाही, सरासरी हजेरीवर मिळतो. हजेरीच्या ठरलेल्या वेळी मूल वर्गात नसेल तर त्या दिवसाचे साधारण 35 डॉलर बुडाले. मामाच्या लग्नासाठी तीन आठवडे पुण्याला नेलं, की शाळेचे पाचशेच्या वर डॉलर गेले. शाळेचे फोन उगाच येत नाहीत.

व्हाउचरचा, म्हणजे खासगी शाळेच्या किंवा घरच्या शिक्षणासाठी सरकारी पैसा देण्याचा कायदा 3 मे 2025 ला गव्हर्नर ॲबट यांच्या सहीने झाला. तरतूद 1 अब्ज डॉलर, सुरुवात 2026-27 पासून. खासगी शाळेत जाणाऱ्या मुलामागे दहा हजारांच्या आसपास, घरी शिकणाऱ्याला 2,000, दिव्यांग मुलाला 30,000 पर्यंत. पैसे पालकांच्या हातात पडत नाहीत. खात्यातून मान्य खर्चालाच जातात. मूल अमेरिकेचं नागरिक किंवा देशात कायदेशीर प्रवेश मिळालेलं हवं. अर्ज जास्त आले तर प्राधान्यक्रम लागतो, आणि चौघांच्या कुटुंबाचं उत्पन्न साधारण 1,65,000 डॉलरच्या वर असेल तर नंबर शेवटी. नवराबायको दोघं आयटीत असतील, तर आशा बेताचीच ठेवावी.

आपल्याकडे आरटीईच्या 25 टक्क्यांत सोडतीत नाव लागलं की शाळेला मूल घ्यावं लागतं. इथे खासगी शाळा नकार देऊ शकते. निवड पालकांची म्हणतात खरी, शेवटचा शब्द शाळेचा.

2023 मध्ये व्हाउचरचा असाच प्रस्ताव ग्रामीण रिपब्लिकन आमदारांनीही पाडला होता. त्यांच्यातल्या अनेकांच्या तालुक्यात खासगी शाळाच नाही, आणि सरकारी शाळा हीच मोठी नोकरीची जागा. व्हाउचरचा निधी वेगळा आहे, शाळांचा पैसा कापलेला नाही, असं समर्थक सांगतात. कागदावर ते बरोबरही आहे. पण 600 मुलांच्या शाळेतून 30 गेली, तर सहा इयत्तांत प्रत्येकी पाचच कमी होतात. एकही वर्ग बंद होत नाही, बसची फेरी तेवढीच, एसी तेवढाच. उत्पन्न मात्र 30 गुणिले 6,215, म्हणजे 1,86,450 डॉलरने खाली. मग कात्री लागते ग्रंथपालाला, नाहीतर संगीताच्या शिक्षकाला.