तुम्ही विचारलंत म्हणून: माणसांची दुखणी गणितात कशी बसतात?

मी आजारांची कारणं आकड्यांतून शोधते. गोव्यातल्या साखळी गावाच्या बसमध्ये, लग्नाच्या मांडवात, डॉक्टरांच्या बैठकीत, कुठेही गेले तरी हा प्रश्न येतो. "ताप माणसाला येतो, बँकेचा हप्ता माणसाचा थकतो. तुमच्या संगणकावर त्याचं काय होतं?" विचारणाऱ्याच्या आवाजात कधी कुतूहल असतं, कधी चीड. मला ती चीड समजते. ज्याच्या घरातलं माणूस अंथरुणाला खिळलं आहे, त्याला टक्केवारी ऐकवू नये.

मी उत्तराला गोव्यातल्या सत्तरी तालुक्यापासून सुरुवात करते. माकडताप १९५७ साली कर्नाटकात, शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला. २०१५ मध्ये तो आमच्या सत्तरीत आला. त्याचा विषाणू गोचिडीच्या चाव्यातून माणसात शिरतो आणि त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे काजूच्या दिवसांना अगदी लागून. त्या काळात एका उपकेंद्रातली नोंदवही मी पुढ्यात घेऊन बसले होते. वय, गाव, तापाची तारीख, व्यवसाय. बायकांच्या नावापुढे व्यवसायाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता: घरकाम. हा रकाना जसाच्या तसा संगणकावरच्या गणिती मॉडेलमध्ये घातला असता, तर बायकांना हा ताप घरात बसून येतो असं उत्तर मिळालं असतं, तेही दशांश चिन्हापुढच्या तीन आकड्यांसह.

वहीतल्या एका मावशींच्या घरी गेले. काम काय करता म्हटल्यावर त्याही "घरचंच" म्हणाल्या. मग काजूच्या दिवसांत? त्यांनी हात पुढे केले. बोटं बोंडांच्या रसाने काळपट डागाळलेली. "पहाटे बागायतीत जायचं, खालचा पातेरा सारायचा, बोंडं वेचायची, बी पिरगळून वेगळी काढायची. आपल्याच बागायतीत मजुरी कोण देणार गो बाये? म्हणून घरचं काम."

गोचिडी असतात त्या त्याच पातेऱ्यात, सुकलेल्या पानांच्या थरात.

आता घाई करणारा म्हणेल, झालं, कारण सापडलं. तसं नाही. समजा, तापाच्या दहा रुग्णांपैकी नऊ जण काजूबागेत गेले होते. ऐकायला भरभक्कम वाटतं. पण त्याच वाड्यावरच्या धडधाकट दहांपैकीही नऊ जण गेले असतील तर? काजूच्या दिवसांत गावात उरतं कोण! म्हणून ज्यांना ताप आला नाही त्यांच्याही दारात जावं लागतं, तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारावे लागतात. मग फरक कुठे पडतो ते दिसू लागतं: पातेरा कोणी सारला, गोचिडी दूर ठेवणारं डीएमपी तेल अंगाला कोणी लावलं, जंगलातून लाकडं कोणी आणली. माझ्या कामाचा गाभा एवढाच आहे, योग्य माणसाची योग्य माणसाशी तुलना. बाकीची सूत्रं त्या तुलनेतले खाचखळगे बुजवण्यासाठी असतात.

लंडनच्या डॉक्टर जॉन स्नोने १८५४ च्या कॉलऱ्यात हेच केलं होतं. शहराच्या दक्षिण भागात एकाच गल्लीत दोन कंपन्यांचे नळ होते. एका कंपनीने १८५२ मध्ये पाणी उचलायची जागा थेम्सच्या वरच्या अंगाला, शहराच्या घाणीपासून दूर नेली होती; दुसरी खालचंच पाणी देत राहिली. हवा तीच, गरीब-श्रीमंत दोन्हीकडे सारखेच. स्नो घरोघर फिरला. दर दहा हजार घरांमागे मृत्यू वरचं पाणी येणाऱ्या घरांत ३७, खालचं येणाऱ्या घरांत ३१५. कॉलऱ्याचा जंतू तेव्हा वैद्यकाने मानलाही नव्हता.

आमच्याकडच्या लोहखनिजाच्या खाणींचं प्रकरण यापेक्षा फार अवघड आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. मध्यंतरी बंदी उठली, पण २०१८ मध्ये ८८ लीज रद्द झाल्या आणि पुन्हा सगळं ठप्प. तेव्हा खाणपट्ट्यातल्या डिचोलीकडच्या एका अंगणात उभा असलेला ट्रक मला अजून आठवतो. टायर विकून टाकलेले, खाली विटा लावलेल्या, हौद्यात पावसाने गवत उगवलेलं. त्या घरावर बंदीचा काय परिणाम झाला हे सांगायला मॉडेल लागत नाही. पण तालुक्यावर काय परिणाम झाला ते सांगायला लागतं. खाणपट्ट्यातल्या आजारांत बंदीआधी आणि नंतर पडलेला फरक घ्यायचा, किनारपट्टीवरच्या तालुक्यांतला तसाच फरक घ्यायचा, आणि एकातून दुसरा वजा करायचा. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात ट्रक विकलेला माणूस किनाऱ्यावरच्या कळंगुटला टॅक्सी चालवायला जातो. ज्या तालुक्याशी तुलना करायची, तिथेच बंदीचा परिणाम जाऊन बसतो.

आणखी एक गोष्ट मला झोपू देत नाही. खाणी थांबल्या की रस्त्यावरची लाल धूळ कमी होते, खोकला कमी होऊ शकतो. त्याच वेळी हप्ते थकतात, औषधं अर्धी घेतली जातात, झोप उडते. दोन्ही एकाच बेरजेत टाकलं आणि उत्तर शून्याजवळ आलं, तर कोणीतरी अहवालात लिहील की आरोग्यावर परिणाम नाही. म्हणून मी श्वासाचे आजार वेगळे काढते, रक्तदाब आणि मधुमेह वेगळे काढते, आणि एकच आकडा मागणाऱ्यांना तो देत नाही. त्यावरून वाद झाले आहेत, पुढेही होतील.

सत्तरीच्या त्या मावशींना मी नंतर नवा फॉर्म वाचून दाखवला. व्यवसायाचा रकाना काढून टाकला होता. त्या जागी गेल्या पंधरा दिवसांतली कामं एकेक करून विचारली होती. त्यांनी सगळं नीट ऐकलं आणि म्हणाल्या, "गुरांचं राहिलं. गुरं जंगलात चरून येतात, गोठ्यात त्यांच्या अंगावरच्या गोचिडी काढतं कोण, ते पण लिही."

त्या ओळीसाठी फॉर्म पुन्हा छापला.