तोंड वळना नाय, तर शेपूट

"दाजी, तुम्ही या सावकाश. मी पुढं जाऊन चहा सांगून ठेवतो," असं म्हणून मेव्हणा ॲक्टिव्हावरून सुर्रकन निघून गेला, तेव्हा आम्ही अजून कात्रजचा नवा बोगदासुद्धा ओलांडला नव्हता. पुण्याहून गोव्याला, चारशे-साडेचारशे किलोमीटर जायचं होतं. माझ्या बुडाखाली दोन वर्षं खपून, बायकोपासून निम्मा खर्च लपवून बनवलेली चॉपर, म्हणजे पुढचं चाक लांब काढलेली बुलेट, होती. आणि चहा सांगून ठेवणारा ॲक्टिव्हावर.

नोव्हेंबर २०१५ ची ही गोष्ट. इतकी वर्षं लिहिली नाही, कारण लिहायची म्हटलं की आंबोली लिहावी लागते.

मूळ गाडी १९९६ ची बुलेट, ३४६ सीसी, गिअर उजव्या पायात. ती ठीकठाक चालत होती. पण चॉपरचं खूळ एकदा डोक्यात शिरलं की ठीकठाक गाडी बघवत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लोकांनी जड गाड्यांचे मडगार्ड आणि नको ते लोखंड कापून टाकायला सुरुवात केली, त्या कापाकापीवरून पुढे चॉपर हा शब्द आला. लांबलचक शॉकअपची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या पाईपांची, हौस नंतरची, साठच्या दशकातली. १९६९ च्या एका गाजलेल्या अमेरिकन सिनेमात तशी गाडी झळकली आणि तिची पोस्टरं जगभर भिंतींवर लागली. त्या गाड्या बनवण्यात क्लिफ वॉज आणि लॉस एंजेलिसचा बेन हार्डी या दोन कृष्णवर्णीय कारागिरांचा मोठा हात होता. सिनेमाच्या श्रेयनामावलीत मात्र त्यांची नावं नव्हती.

माझ्या मिस्त्रींचंही नाव इथे नाही, पण त्यांच्याच सांगण्यावरून. "नाव लिहू नका साहेब, आरटीओवाले हार घालायला येतील." खरंच आहे. गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तेव्हाही आडवं येत होतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते बजावून सांगितलं. आम्ही काय केलं ते सांगतोय, करा म्हणत नाही.

मिस्त्रींनी गाडी बघितली, चित्र बघितलं आणि म्हणाले, "गळा कापावा लागेल." नुसते शॉकअपचे पाईप लांब केले तर गाडी नाक वर करून बसते. म्हणून चासीचा गळा, म्हणजे हँडलचा दांडा ज्यातून जातो तो भाग, कापून तिरका करून परत जोडायचा. आम्ही तो उभ्या रेषेपासून ४५ अंशांपर्यंत नेला. पाईप एक फुटाने वाढले आणि पुढचं चाक मूळ जागेपासून सव्वा फूट लांब गेलं. नारळ फोडूनच कटर चालवला. कटरचा पहिला आवाज आला तेव्हा मी बाहेर जाऊन उभा राहिलो, ऑपरेशन थिएटरबाहेर उभे राहतात तसा.

पाईपचं काम भोसरीच्या एका लेथवाल्याकडे. त्याने माप वाचलं आणि विचारलं, "मंडपाचे का?" जुन्या पाईपला वरून आटे पाडून तुकडा जोडू, स्वस्तात होईल, असंही त्याने सुचवलं. मिस्त्री एवढे चिडलेले मी परत कधी पाहिले नाहीत. "जोडावर चाक लटकवणार? खड्ड्यात तुटला तर साहेबांचे दात कोण वेचणार?" मग अखंड सीमलेस पाईप, त्यावर ग्राइंडिंग, त्यावर हार्ड क्रोम. क्लच आणि ब्रेकच्या केबल आखूड पडल्या, त्या नाना पेठेत मापाने बनवून घेतल्या. टाकी साडेसहा लिटरची. मागचे शॉकअप काढून गाडी ताठ करायची माझी फार इच्छा होती. मिस्त्रींनी माझ्या पाठीकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं आणि नाही म्हणाले. त्यांचे उपकार मला साताऱ्याच्या अलीकडेच कळले.

आता ट्रेल. हँडलच्या दांड्याची रेष जमिनीपर्यंत ओढली तर ती जिथे टेकते आणि चाक प्रत्यक्षात जिथे टेकतं, त्यातलं अंतर म्हणजे ट्रेल. ते वाढलं की गाडी आगगाडीसारखी सरळ धावते आणि वळायचं नाव काढलं की रुसते. माझा ट्रेल मूळच्या दुपटीहून जास्त झाला होता. शिवाय हळू वेगात हँडल किंचित वळवलं की पुढचा सगळा भार त्या बाजूला धपकन कलंडतो आणि हँडल हातातून निसटू बघतं. मिस्त्रींनी हे सगळं सांगितलं होतं. मी ऐकत होतो, पण बघत क्रोमकडे होतो.

खंबाटकीने फसवलं. पुण्याहून जाताना तो घाट तेव्हा एकेरी होता, समोरून कोणी येत नव्हतं. म्हणून मी अख्खा रस्ता वापरून ऐसपैस वळणं घेतली आणि वर पोचल्यावर मला वाटलं की जमतंय. कराडनंतर तर मजाच. सत्तरचा वेग, पाय पुढे पसरलेले, वारा छातीवर, दोन्ही बाजूंना ऊस आणि इंजिनचा तो संथ ठोका. या पट्ट्यासाठी सगळा खर्च वसूल असं मी मोठ्याने म्हणालो, ऐकायला कोणी नव्हतं म्हणून. कोल्हापुरात मिसळीचं हॉटेल रस्त्याच्या पलीकडे निघालं आणि गाडी वळवायला तीन प्रयत्न लागले. पानपट्टीवरचा एकजण म्हणाला, "भावा, तुझं पुढचं चाक मिसळ खाऊन परत आलं बघ." हसलो. हसायला नको होतं. निपाणीला हायवे सोडला, आजऱ्यात घनसाळ तांदळाचा वाफाळता भात खाल्ला आणि दुपारी तीनला आंबोलीत पोचलो.

गावापासून घाट खाली सावंतवाडीकडे उतरतो. उतार, अरुंद रस्ता, डावीकडे डोंगर, उजवीकडे कठडा आणि खाली दरी. पुढे ड्रम ब्रेक. ब्रेक दाबला की ते लांब पाईप मागे वाकताना डोळ्यांना दिसायचे. ते दिसू नयेत म्हणून मी लांब बघत होतो आणि त्यामुळे डावं वळण जवळ आल्याचं उशिरा कळलं.

वेग जवळजवळ शून्यावर आणला. हँडल डावीकडे वळवलं, ते कलंडलं आणि थेट टाकीला जाऊन टेकलं. त्यापुढे वळायला जागाच नाही. गाडी आपली भला मोठा वळसा घेत रस्ता आडवा कापून पलीकडे गेली आणि चाक कठड्यापासून वीतभर अंतरावर थांबलं. मी आडवा. अख्खा रस्ता आडवा. मागे घ्यावी तर मागे चढ. पाय ठेवायच्या जागा पुढे सरकवलेल्या, सीट खाली, पाय टेकले तरी रेटा बसेना. दोन्ही ब्रेक धरून बसलो होतो, सोडले तर कठडा. पाठीमागे दोन मोटारी थांबल्या, त्यातल्या एकीतून मोबाईल बाहेर आला. कठड्यावरची माकडंसुद्धा सरकून जवळ बसली. आणि तेवढ्यात खालून, हॉर्न देत, लाल डबा वर आला.

एसटी थांबली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. घाटात एसटीचं इंजिन बंद होताना जी शांतता पसरते, ती फार अपमानास्पद असते. कंडक्टर खांद्यावरची पिशवी सावरत उतरला. पन्नाशीचा असेल. घाई नाही, राग नाही. आधी गाडीभोवती चक्कर मारली, मग पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत पावलं मोजली.

"खयसून इलास?"

"पुण्याहून."

"गाडी लांब आसा, का रस्तो आखूड?"

मी काय बोलणार? खिडकीतून एक बाई म्हणाल्या, "नवीन आसा काय?" कोणीतरी म्हणालं, "मोडलली आसा." मी ब्रेक धरून बसलेलो, कपाळावरून घाम नाकावर येतोय आणि पुसायला हात मोकळा नाही.

दोघा-तिघांनी मागे ओढून पाहिलं. जेमतेम वीतभर हलली. तेव्हा कंडक्टरने हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि म्हणाला, "तोंड वळना नाय, तर शेपूट वळवया."

एसटीतले चौघे आणि मोटारीतला एक अशा पाच जणांनी मागचं मडगार्ड आणि चासी धरली. "एक, दोन..." मागचं चाक उचललं गेलं आणि मी गाडीसकट, घोड्यावर बसलेल्या नवरदेवासारखा, पुढच्या चाकाभोवती फिरलो. दोनदा उचललं. दुसऱ्यांदा माझं तोंड सावंतवाडीकडे झालं. अख्ख्या प्रवासात गाडीने घेतलेलं सगळ्यात सफाईदार वळण तेच.

मी खिशात हात घातला. कंडक्टरने माझ्याकडे असं बघितलं की तो हात तसाच बाहेर काढला. "सावकाश जावा," म्हणाला, चढला आणि दोन टोले दिले. मी त्याचं नावसुद्धा विचारलं नाही. गाडीवर केलेल्या खर्चाचा पै-पैचा हिशोब माझ्याकडे अजून आहे. मी बँकेत आहे, सवय आहे. ते एक नाव नाही.

पुढच्या वळणावर मेव्हणा ॲक्टिव्हा कडेला लावून उभा होता. तिथून खाली दाणोलीपर्यंत तो प्रत्येक अवघड वळणावर आधी जाऊन, हात आडवे करून, समोरची वाहनं थांबवत होता. एकदाही हसला नाही. हे जास्त लागलं.

गोव्यात तीन दिवस राहिलो, मासे खाल्ले, लोकांनी गाडीबरोबर फोटो काढले.

परत कसे आलात, असं लोक विचारतात तेव्हा मी "आंबोलीमार्गे" एवढंच सांगतो. खोटं नाही ते. साडेसहा हजारांत टेम्पो ठरवला होता. गाडी हौद्यात मावेना, म्हणून फाळका उघडा ठेवून पुढचं चाक बाहेर काढलं आणि त्याला, सळयांच्या ट्रकला बांधतात तसं, लाल फडकं बांधलं. आंबोलीतलं ते वळण आलं तेव्हा मी ड्रायव्हरशेजारी सरसावून बसलो, दोन्ही पाय आपोआप ब्रेक शोधायला लागले. ड्रायव्हरने एका हाताने स्टिअरिंग फिरवलं. दुसऱ्या हाताने तो मला शेंगदाणे देत होता.