गप्प बसलेला प्रोग्राम कशाची वाट पाहत असतो?

रात्री चालू करून ठेवलेली बॅकअपची स्क्रिप्ट सकाळी पाहिली, तेव्हा ती जिथल्या तिथे अडकलेली होती. एरर नव्हती, लॉगमध्ये नवी ओळ नव्हती आणि सीपीयूचा वापर शून्य होता. ‘पीएस’ या कमांडने प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रामची, अवस्था ‘एस’, म्हणजे झोपलेली, अशी दाखवली. परंतु नेटवर्कवरील उत्तराची वाट पाहणारी प्रोसेसही ‘एस’च दाखवते, त्यामुळे त्या एका अक्षरावरून काहीच ठरत नाही.

प्रोग्राम इनपुटसाठी थांबला आहे हे बाहेरून सांगणारी सरळ सोय युनिक्समध्ये नाही. पाइपमध्ये, म्हणजे एका प्रोग्रामचे आउटपुट दुसऱ्याला पोचवणाऱ्या वाहिनीत, लिहिणाऱ्याला पलीकडचा वाचक अडून बसला आहे की कामात आहे, हे कळत नाही. म्हणून बरेच जण ‘पाच सेकंद आउटपुट आले नाही, म्हणजे प्रश्न विचारला असावा’ असा अंदाज बांधतात. मला हा उपाय अजिबात पटत नाही, कारण मोठी फाइल वाचणारा प्रोग्रामही तितकाच गप्प असतो.

लिनक्स या युनिक्ससारख्या प्रणालीवर मात्र थेट कर्नललाच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यालाच, विचारता येते. ‘प्रॉक’ या कर्नलची माहिती दाखवणाऱ्या डिरेक्टरीमध्ये प्रत्येक प्रोसेसच्या डिरेक्टरीत ‘सिस्कॉल’ नावाची फाइल असते. प्रोसेस अडलेली असेल, तर तिच्यातला पहिला आकडा सिस्टिम कॉलचा, म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे केलेल्या मागणीचा, क्रमांक असतो आणि त्यापुढे त्या कॉलला दिलेली मूल्ये येतात. ६४ बिटी इंटेल वा एएमडी प्रोसेसरवर ‘रीड’ या वाचण्याच्या कॉलचा क्रमांक ० आहे आणि स्टँडर्ड इनपुटचा (प्रोग्रामच्या नेहमीच्या इनपुटचा) डिस्क्रिप्टर, म्हणजे उघड्या फाइलचा क्रमांक, तोही ०. माझ्या फाइलमध्ये ओळीच्या सुरुवातीला हीच दोन शून्ये होती. शेजारच्या, उघड्या फाइलींची यादी असलेल्या ‘एफडी’ डिरेक्टरीतला ० टर्मिनलकडे बोट दाखवत होता; तो पाइपकडे असता, तर प्रोग्राम माणसाची नव्हे, दुसऱ्या प्रोग्रामची वाट पाहत आहे असा अर्थ झाला असता.

मग प्रश्न दिसला का नाही? आउटपुट फाइलकडे वळवले की सी लायब्ररी ते ओळीओळीने न लिहिता बफर, म्हणजे मेमरीतली तात्पुरती जागा, भरेपर्यंत साठवते, आणि ‘जुनी प्रत पुसू का?’ हे माझ्या प्रोग्रामचे वाक्य त्या बफरमध्येच पडून राहिले होते. मी ‘वाय’ टाइप करून एंटर दाबले, काम पूर्ण झाले आणि प्रोग्राम संपताना तो प्रश्न लॉगमध्ये उमटला!

अर्थात दोन शून्यांची ही खूण सगळीकडे चालत नाही. ‘पोल’ किंवा ‘सिलेक्ट’ हे वाट पाहण्याचे वेगळे कॉल वापरणारे प्रोग्राम ‘रीड’मध्ये अडलेले दिसत नाहीत, तर पासवर्ड विचारणारे अनेक प्रोग्राम स्टँडर्ड इनपुट सोडून टर्मिनल स्वतंत्रपणे उघडतात. तिथे छद्म टर्मिनल, म्हणजे प्रोग्रामला खरे वाटणारे पण दुसऱ्या प्रोग्रामच्या हातात असलेले टर्मिनल, कामी येते. १९९० मध्ये आलेले डॉन लिब्स यांचे ‘एक्स्पेक्ट’ आणि पुढे पायथनमधील ‘पीएक्स्पेक्ट’ ही साधने याच मार्गाने प्रश्नाचा मजकूर ओळखतात. मजकूर बदलला की ही युक्ती फसते. त्यापेक्षा टर्मिनलचा ‘एको’, म्हणजे टाइप केलेली अक्षरे पडद्यावर दाखवणे, बंद झाला आहे का, हे तपासणे पासवर्डच्या बाबतीत मला अधिक भरवशाचे वाटते, आणि ‘पीएक्स्पेक्ट’मध्ये त्यासाठी तयार फंक्शनही आहे.

माझ्या स्क्रिप्टमध्ये आता हे काहीच नाही. स्टँडर्ड इनपुट ‘डेव्ह-नल’ या कायम रिकाम्या फाइलला जोडले आहे, त्यामुळे प्रश्न विचारणाऱ्या प्रोग्रामला लगेच फाइल संपल्याची खूण मिळते. तिचा अर्थ तो ‘नाही’ असा घेतो की ‘हो’ असा, हे मात्र आधी हाताने चालवून पाहावे लागले.