आत्याचं सिंगर आणि भंगाराचा भाव

आत्या फ्लॅटमध्ये राहायला गेली आणि वाड्यातलं तिचं काळं सिंगर मशीन विकायचं काम माझ्याकडे आलं. तिला एकच हवं होतं, "फुकट जाऊ नये गं."

दुरुस्तीवाल्याकडे मी चार हेलपाटे घातले. पहिल्यांदा "ठेवून जा, बघतो." दुसऱ्यांदा कारागीर नाही. तिसऱ्यांदा मशीन मी ठेवलं तिथेच, वर धूळ. चौथ्यांदा त्याने चाकाला एक हिसका दिला आणि म्हणाला, "ताई, जाम झालंय. लोखंडाच्या भावाने आठशे देतो." तेलाचा एक थेंबही न सोडता! ते आठवलं की अजून संताप होतो. तसंच उचललं आणि रिक्षाने घरी आणलं.

जुनं मशीन जाम होतं ते बहुतेक वेळा गंजामुळे नाही, आत वाळून चिकट झालेल्या तेलामुळे. तेलाच्या प्रत्येक भोकात रॉकेलचे दोन-दोन थेंब सोडले आणि रात्रभर ठेवलं. चाक बोटभर हललं. जोर लावला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा रॉकेल, पुन्हा बोटभर. तिसऱ्या दिवशी शटल, म्हणजे सुईखाली बॉबिन बसते तो भाग, काढलं, तर मागे लाल दोऱ्याचा गुंता, दाबून दाबून नमद्यासारखा घट्ट झालेला. चिमट्याने तो ओढून काढला आणि चाक सर्रकन पूर्ण फिरलं. मी स्वयंपाकघरातून ओरडलेच. रॉकेलनंतर मशीनचं तेल घालायला मात्र विसरू नका, नाहीतर कोरडे भाग घासतात.

हो, सोनेरी नक्षीवर स्पिरिट लावू नका. वरचं पॉलिश लाखेचं असतं, ते विरघळतं.

आता किंमत. उजव्या बाजूला मशीनच्या सपाट पाट्यावर नंबर असतो. आत्याच्या मशीनचा 'वाय'ने सुरू होणारा, म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातलं, १९२२ ते १९३५ या काळातलं. मॉडेल १५के. पण जुनं म्हणून दुर्मिळ असं समजू नका, सिंगरने अशी लाखो मशीन बनवली. किंमत ठरते ती चालतं का, भाग पूर्ण आहेत का आणि नक्षी किती शाबूत आहे यावर. १५केची गोष्ट चांगली अशी की आपल्याकडची साधी काळी मशीन त्याच धाटणीची, त्यामुळे बॉबिन आणि सुया आजही मिळतात. होडीसारखं लांब शटल असलेलं मॉडेल असेल तर शटल आणि लांब बॉबिन जागेवर आहेत का ते आधी बघा, ते शोधताना दमछाक होते.

एका नातेवाइकाने फोन करून सांगितलं, "त्यात लाल पारा असतो, लाखात जाईल." २००९ मध्ये सौदी अरेबियात याच अफवेने लोकांनी वेड्यासारखे पैसे मोजले होते. असं काहीही नसतं.

आणि लोखंडी पायंडल, म्हणजे खालचा सगळा सांगाडा, वेगळं देऊ नका. टेबल बनवायला म्हणून नुसतं तेवढंच मागणारे येतात आणि मग उरलेलं मशीन पडून राहतं.

गिऱ्हाइकासमोर मांजरपाटाच्या दुहेरी घडीवर टीप मारून दाखवली, वरून-खालून सारखी. ब्लाउज शिवणाऱ्या एका बाईंनी पायंडलासकट साडेपाच हजारांना नेलं. आत्याने पैसे मोजले नाहीत, तिने आधी विचारलं, "पट्टा नवीन घातलास ना?"